देवाचं घर, संघाचं घर

अंधेरीच्या शहाजीराजे क्रीडा संकुलात 1 नोव्हेंबर 1996 ला मायकेल जॅक्सन नाचला होता. वीस वर्षांनी, सप्टेंबर 2016 मध्ये, तिथेच भारताने पोर्तो रिकोला 4-1 ने हरवलं आणि मुंबईत एकसष्ट वर्षांनी आंतरराष्ट्रीय फुटबॉल परतला म्हणून पेपरांनी मथळे दिले. त्याच वर्षी मुंबई सिटी हा संघ नेरुळचं डी. वाय. पाटील स्टेडियम सोडून इथे राहायला आला. जागा महापालिकेची, संघाचे मालक सिनेमावाले, पुढे काही वर्षं तर परदेशी कंपनी. खेळाडू स्पेनपासून मणिपूरपर्यंतचे. तरी या मैदानाला मुंबईचं 'घर' म्हणायचं. का म्हणायचं, हा प्रश्न मला पडला नव्हता. तो आमच्या रविवारच्या शाळेतल्या एका पोराने माझ्यासमोर टाकला.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या चिंचपाड्याचा. नोकरी मिशनच्या दवाखान्यात औषधं देण्यात गेली, आता निवृत्त आहे आणि रविवारी मुलांना शास्त्र शिकवतो. आमची मुलं मावची, कोकणी, गावित या आदिवासी जमातींची. त्यांना दावीद आणि गल्याथ पाठ असतात, पण त्याहून पाठ असतात ते संघांचे गुणतक्ते. मार्च 2021 मध्ये, चर्चच्या बाहेर अंतर राखून बसवलेली असताना, एकाने विचारलं, "सर, मुंबईचं घर अंधेरीला ना? मग काल ते कुणाच्या घरी जिंकले?"

आदल्या रात्री, 13 मार्चला, गोव्यात फातोर्ड्याला इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना झाला होता. मुंबई सिटीने एटीके मोहन बागानला 2-1 ने हरवलं, नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला. पण त्या हंगामात कुणालाच घर नव्हतं. करोनामुळे अख्खी स्पर्धा गोव्यातल्या तीन मैदानांवर भरली होती आणि गॅलऱ्या रिकाम्या होत्या. टीव्हीवर लोकांचा ओरडा ऐकू यायचा तो ध्वनिमुद्रित. पोरगं बघत होतं आणि त्याला काहीतरी खोटं वाटत होतं. मला त्याचं कौतुक वाटलं. मोठ्यांना तो आवाज खपून गेला होता.

त्याला मी लगेच उत्तर दिलं नाही. शिक्षकाला एक युक्ती माहीत असते, "पुढच्या रविवारी बघू" म्हणायची.

तीन वर्षं आधीची गोष्ट मला आठवत होती. 1 जून 2018 ला त्याच अंधेरीत भारत आणि चायनीज तैपेई यांचा सामना झाला. भारत 5-0 ने जिंकला, कर्णधार सुनील छेत्रीने हॅट्ट्रिक केली आणि बघायला होते 2,569 लोक. माझा भाचा त्यातला एक. तो सांगायचा, गोलकीपर बचावपटूंवर ओरडत होता तो शब्दन् शब्द वरच्या रांगेत ऐकू येत होता. दुसऱ्या दिवशी छेत्रीने हात जोडून एक चित्रफीत टाकली: शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. 4 जूनला केनियाविरुद्ध त्याचा शंभरावा सामना होता. सगळी तिकिटं संपली. भाच्याने मला ओढून नेलं. पाऊस असा की समोरचा कोपरा दिसेना, शेजारच्या माणसाने प्लास्टिकची पिशवी डोक्यावर बांधली होती आणि प्रत्येक वेळी उडी मारली की ती कानावर घसरायची. भारत 3-0 ने जिंकला. गोलकीपर ओरडला असेल, पण आम्हाला काही कळलं नाही.

मैदान तेच, गवत तेच. मधे फक्त दोन दिवस. पहिल्या दिवशी ते घर होतं का? माझं उत्तर: नव्हतं, इमारत होती. दुसऱ्या दिवशी घर झालं. इथवर सोपं आहे, आणि पाळकसाहेब प्रवचनात हेच सांगतील, की चर्च म्हणजे भिंती नव्हेत, चर्च म्हणजे माणसं.

शास्त्रही याच बाजूला झुकतं. रानात चाळीस वर्षं भटकणाऱ्या इस्राएलाचा देव तंबूत राहायचा, निवासमंडपात. खुंट्या उपटायच्या, कनाती गुंडाळायच्या, लेव्यांनी वाहून न्यायचं आणि पुढच्या मुक्कामी उभारायचं. पुढे दावीद राजाला आपण गंधसरूच्या घरात आणि देव कनातीत याची लाज वाटली, तेव्हा नाथान संदेष्ट्याकडून निरोप आला त्याचा अर्थ असा: मी कधी घर मागितलं होतं का तुझ्याकडे? आणि विहिरीवरची ती शोमरोनी बाई. तिने येशूला विचारलेला प्रश्न अगदी आमच्या पोराचाच आहे. आमचे बापजादे या डोंगरावर भजत आले, तुम्ही म्हणता यरुशलेमात भजा, मग खरी जागा कुठली? उत्तर आलं, हाही डोंगर नव्हे आणि तेही शहर नव्हे. देव आत्मा आहे.

वारकरी शेजाऱ्यांशी यावर बोललो तर तेही मान डोलावतात. सांगतात की विठ्ठलाची मूर्ती एकदा विजयनगरला नेली होती आणि पैठणच्या भानुदासांनी ती पंढरपूरला परत आणली. हंपीचं विठ्ठल मंदिर आजही मूर्तीविना उभं आहे, जग ते बघायला जातं, दगडी रथाचा फोटो काढतं, पण एकही दिंडी तिकडे वळत नाही. आणि 2020 ची आषाढी आठवा. 1 जुलैला एकादशी, आदल्या दिवशी संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. विठ्ठल विटेवर होता, चंद्रभागा होती, माणसं तेवढी नव्हती. काही महिन्यांनी फातोर्ड्याला तेच: खेळ होता, चषक होता, माणसं नव्हती. माझ्या ओळखीचा एक वारकरी, नवापूरच्या बाजारात भाजी विकतो, मला म्हणाला की त्या वर्षी विठोबानेच उपास धरला. आमच्या धर्मशास्त्राच्या पुस्तकांत हे वाक्य बसणार नाही, पण मला ते पटलं.

तर मी पुढच्या रविवारी मुलाला हेच सांगणार होतो. घर माणसांचं असतं, मुंबईची माणसं जिथे आहेत तिथे मुंबईचं घर. मुंबई सिटीच्या बाबतीत ते पुढेही खरं ठरलं: 2024 मध्ये या संघाने दुसऱ्यांदा चषक जिंकला तोही कोलकात्यात. आशियातल्या मोठ्या स्पर्धेत खेळायची वेळ आली तेव्हा घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत आणि नेरुळला गेले. निवासमंडपच म्हणा.

पण सांगता सांगता मला अडखळायला झालं, ते एका वेगळ्याच गोष्टीमुळे.

ब्वेनोस आयरेसमध्ये सान लोरेंझो नावाचा क्लब आहे. 1908 चा. लोरेंझो मासा नावाच्या पाद्रीने रस्त्यावर खेळणाऱ्या पोरांना चर्चच्या आवारात खेळू दिलं, अट एकच, मिस्साला यायचं. त्यातून संघ उभा राहिला. बोएदो वस्तीत त्यांचं लाकडी मैदान होतं, जुनं गासोमेत्रो. 1979 मध्ये, लष्करी राजवटीच्या काळात, त्या मैदानावर शेवटचा सामना झाला आणि क्लबला जागा सोडावी लागली. पुढे तिथे कारफूरचं सुपरमार्केट उभं राहिलं. क्लब दुसरीकडे खेळला, 1993 मध्ये नवं स्टेडियमही बांधलं, अर्जेंटिनाचं विजेतेपद जिंकलं. पण बोएदोचे लोक त्या जागेला विसरले नाहीत. मोर्चे काढले, चौरस मीटरच्या हिशोबाने पैसे जमवले आणि 2012 मध्ये शहराच्या विधिमंडळाकडून जागा परत मिळण्याचा कायदा करून घेतला. दिवंगत पोप फ्रान्सिस याच क्लबचे सभासद होते. ज्यांना अख्खी पृथ्वीच परमेश्वराची हे रोज वेदीवरून सांगायचं, त्यांचा क्लब एका सुपरमार्केटखालच्या जमिनीसाठी वर्षानुवर्षं भांडत होता.

घर माणसांचं असतं, जागेचं नाही, हे बोएदोच्या माणसांना कुणी ऐकवलं असतं तर? खरं असूनही ते वाक्य कुणाच्या तोंडी आहे यावर सगळं अवलंबून आहे. येशू ते विहिरीवर म्हणाला तेव्हा तो स्वतः परक्या प्रांतातून पायी चालत आलेला, तहानलेला, डोकं टेकायला जागा नसलेला होता. तेच वाक्य बुलडोझरवर बसून म्हटलं की ते देवाचं राहत नाही.

आमच्या जिल्ह्याला हे नव्याने शिकावं लागत नाही. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जाणारं महाराष्ट्रातलं पहिलं गाव. तिथे नर्मदेकाठी शूलपाणेश्वराचं जुनं मंदिर होतं. ते बुडालं तेव्हा देवाला गुजरातेत गोऱ्याजवळ नवं मंदिर बांधून मिळालं. चांगली गोष्ट आहे. पण त्याच काठावर झाडाखाली शेंदूर लावलेले जे दगड होते, गावदेव, वाघदेव, ज्यांना छप्परच नव्हतं, त्यांना कुणी कुठलं छप्पर देणार? ज्या देवाचं घर आधीच कागदावर नाही, तो विस्थापितही होत नाही. कागदाच्या दृष्टीने तो तिथे कधी नव्हताच. माझी आजी ख्रिस्ती होण्याआधी अशा एका दगडाला पहिली कणसं वाहायची. नंतर तिने ते सोडलं, पण त्या बाजूने जाताना पदर डोक्यावर घ्यायची. तिला कुणी त्यावरून टोकलं नाही, आणि टोकलं असतं तर मला वाटतं तिने ऐकलंही नसतं.

म्हणून मी मुलाला शेवटी दोन उत्तरं दिली. पहिलं, मुंबई सिटी गोव्यात परक्याच्या घरी जिंकली आणि तरी ती मुंबईच होती, कारण ती स्वतःहून, साथ संपेपर्यंत, परत यायचं ठरवून गेली होती. दुसरं, कुणी उद्या अंधेरीचं मैदान काढून घेऊन म्हटलं, तुम्ही काय, कुठेही खेळा, तुमचा आत्मा महत्त्वाचा, तर तू गप्प बसू नकोस. त्याने लगेच विचारलं, "मग आपलं मैदान, सर?" या पोराला वकील करायला हवा.

आपलं मैदान म्हणजे गावाच्या कडेचा एक सपाट तुकडा. चिंचा आणि मोहाची झाडं, बांबूचे गोलखांब, पावसाळ्यात गुरं. कागदावर ती जमीन वनखात्याची. तिथे काहीतरी बांधायचं चाललंय अशी बातमी अधूनमधून उठते आणि विरते. 2006 चा वनहक्क कायदा मी दवाखान्यात असताना वाचला होता, औषधाच्या डब्यांवर ठेवून, कारण दाव्यांची कागदं भरून घ्यायला लोक माझ्याकडेच यायचे. सामूहिक दाव्याला पुरावा काय लागतो याच्या नियमांत सातबारा नसला तरी चालणाऱ्या गोष्टी आहेत: गावातल्या म्हाताऱ्यांचे लेखी जबाब, विहिरी, दफनभूमी आणि पवित्र स्थळं. ज्याने कुणी हे लिहिलं त्याला झाडाखालच्या देवाची अडचण ठाऊक असावी.

दावा आम्ही तयार केलाय. दोन म्हाताऱ्यांचे जबाब झाले, एकाने सांगितलं की त्याच्या लहानपणी तिथे चिंध्यांच्या चेंडूने खेळायचे, दुसऱ्याचं म्हणणं की तेव्हा फक्त गुरं चरायची आणि हा खोटं बोलतोय. दोन्ही जबाब जसेच्या तसे लावले, वहिवाट दोन्हींतून सिद्ध होते. मैदानाच्या नैऋत्य कोपऱ्यात, कॉर्नर मारायच्या जागेपासून चार पावलांवर, एक वाघदेव आहे. त्याचा फोटो आणि मोजमाप मीच घातलं. उपासनेनंतर आमच्यातल्या एका वडीलधाऱ्याने मला बाजूला घेतलं, म्हणाले, तू रविवारची शाळा घेतोस आणि दाव्यात वाघदेव लिहितोस? मी म्हटलं, दादा, चर्चची इमारत झाली तेव्हा तो तिथे होता, आणि पवित्र स्थळांच्या यादीत आपल्याला त्या मैदानावर दाखवायला दुसरं काही नाही. ते विचारात पडले. मग म्हणाले, मुलं प्रत्येक सामन्याआधी तिथेच प्रार्थना करतात, तेही लिही.

लिहिलं. ग्रामसभेच्या तारखेची वाट बघतोय.