कच्च्याला कच्चे म्हणावे का?

गळ्यात माळ घातलेल्या माणसाने तक्रार करावी की करू नये? प्रश्न वरवर साधा दिसतो. शांती हे संतांचे लक्षण आणि क्षमा हा त्यांचा अलंकार, हे आपण कीर्तनात नेहमी ऐकतो. पण व्यवहारात कोणी आपले काम बिघडवले आणि वर पैसेही घेतले, तर ही क्षमा आचरावी कशी, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आमच्या दिंडीतील एका माळकरी गृहस्थांनी हाच प्रश्न मला विचारला. त्यांच्या वृद्ध आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी तालुक्याच्या गावी न्यावे लागते. त्यासाठीच त्यांनी गाडी घेतली. तिची किल्ली इलेक्ट्रॉनिक आहे. ती खिशात असली की बटण दाबून इंजिन सुरू होते. पण कधी सुरू होई, तर कधी किल्ली सापडत नाही असे गाडी दाखवी. शोरूमच्या वर्कशॉपमध्ये पहिल्या खेपेस किल्लीतला सेल बदलला. दुसऱ्या खेपेस संगणक जोडून किल्लीची गाडीशी नव्याने नोंदणी केली. तिसऱ्या खेपेस काही हजार रुपये घेऊन नवी किल्लीच दिली. दर वेळी उत्तर एकच, "काका, झाले काम." आणि पुढच्याच आठवड्यात, पहाटे आईला आत बसवल्यावर, गाडी पुन्हा मुकी!

ते म्हणाले, "महाराज, काउंटरवरच्या पोराची कॉलर धरावीशी वाटते. मग हात माळेकडे जातो. गप्प बसलो तर आतून जळतो, आणि बोललो तर मी वारकरी कसला?"

आधी दोष समजून घेऊ. अशा किल्लीत सहसा दोन गोष्टी असतात. एक, सेलवर चालणारा छोटा रेडिओ. दुसरी, सेलाविना चालणारी चिप. गाडीतल्या अँटेनाकडूनच तिला क्षणापुरती शक्ती मिळते. म्हणून सेल संपला तरी बहुतेक गाड्यांत किल्ली ठरलेल्या जागी टेकवली की इंजिन सुरू होते. सेल बदलला, नोंदणी केली, किल्लीही नवी आणली, तरी खोड तीच राहिली, तर दोष अँटेनात, वायरिंगमध्ये किंवा गाडीच्या बॅटरीत असण्याचा संभव अधिक. म्हणजे तिन्ही वेळा उपाय झाला, शोध एकदाही झाला नाही. यंत्राचा दोष पटकन सापडला नाही, तर त्यात पाप काही नाही. पण पुरते तपासल्यावाचून "झाले" म्हणणे हे असत्य आहे. त्या गृहस्थांना जाळत होते ते हे "झाले".

आता संतांकडे पाहू. गोरोबाकाकांनी हाती थापटणे घेऊन संतांची मडकी तपासली, ही कथा आपल्याला ठाऊक आहे. नामदेवरायांनी कुरकुर केली आणि ते कच्चे ठरले. कोणी म्हणेल, "पाहा, तक्रार करणारा कच्चाच!" पण कथेची दुसरी बाजू पाहा. त्या सभेत मान राखण्यासाठी कोणी कच्च्याला पक्के म्हटले नाही. कच्चे म्हटले, म्हणूनच नामदेवराय विसोबा खेचरांकडे गेले. कुंभाराने भिडेखातर कच्चे मडके पक्के म्हणून दिले, तर पाणी घेणाऱ्याच्या घरी सांडते. तेव्हा कच्च्याला कच्चे म्हणणे ही दयाच आहे. मात्र गोरोबांनी थापटण्याने मडकी फोडली नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे.

मग क्षमेचे काय? तुकोबारायांचे चरित्र आठवा. सावकारीची खतपत्रे त्यांनी इंद्रायणीत बुडवली. पण कोणती? आधी दोन वाटे केले, धाकटा भाऊ कान्होबाचा वाटा त्याच्या हाती दिला आणि आपलाच वाटा बुडवला. क्षमेची मर्यादा येथे स्पष्ट होते. जे आपले आहे ते सोडावे, दुसऱ्याच्या वाट्याचे सोडण्याचा अधिकार आपल्याला नाही. त्या गृहस्थांना आपले हजार रुपये सोडता येतील, आपला अपमान गिळता येईल. पण आईची चुकलेली वेळ ते कोणाच्या वतीने माफ करणार? आणि उद्या त्याच काउंटरवर येणाऱ्या दुसऱ्या कोणाची फसगत? ती माफ करण्याचा हक्क त्यांचा नाही. अशा वेळी गप्प बसण्याला आपण क्षमा म्हणतो, पण पुष्कळदा ती भीड असते.

म्हणून मी त्यांना सांगितले, कॉलर धरू नका आणि गप्पही बसू नका. तो पोरगा पगारी आहे. त्याच्या तोंडचे "झाले" बहुधा वरून आलेले असते. त्याच्याशी बाळा म्हणूनच बोला. पण तीनही खेपांच्या पावत्या जोडा, काय तपासले ते लेखी मागा, तारखांसह अर्ज व्यवस्थापकांकडे द्या आणि पोच घ्या. तरीही न ऐकल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतील त्रुटीवर दाद आहे. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत जाता येते, आणि मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही.

राग आला म्हणून माळ विटाळत नाही. राग काहीतरी खोटे घडल्याची वर्दी देतो. वर्दी ऐकावी, पण कारभार त्याच्या हाती देऊ नये. कारभार विवेकाकडे असावा. विवेक शांतपणे एवढेच म्हणतो, "दादा, हे काम अजून कच्चे आहे. पुन्हा बघा."

रामकृष्ण हरी!