यशाची साक्ष

संगणकाच्या बहुतेक कामांत चूक झाली असता ती आपल्या कारणाचा काही ना काही माग ठेवून जाते. व्याजाचा दर चुकीचा भरला तर रक्कम चुकते, पण ती कितीने चुकली हे पाहून दरापर्यंत परत जाता येते. नकाशा काढणाऱ्या प्रोग्रामात अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली तर मुंबई नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते, परंतु त्या विपरीत स्थानावरूनच जाणत्याला मूळ दोष उमगतो. कूटलेखनाची लायब्ररी वापरून प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या वाट्याला असा बोलका दोष येत नाही. गूढ केलेला मजकूर पुन्हा उलगडताना काही बिनसले की ओपनएसएसएल ‘बॅड डिक्रिप्ट’ एवढे दोन शब्द उच्चारते, पायथॉनची क्रिप्टोग्राफी नावाची लायब्ररी ‘इन्व्हॅलिड टॅग’ म्हणून थांबते, आणि किल्ली चुकली, की मजकूर वाटेत बदलला, की दोन टोकांच्या प्रोग्रामांनी निराळ्या रीती धरल्या, याची कैफियत कोणीच देत नाही. हे झाले अपयशाचे. यशाची गोष्ट याहून चिंताजनक आहे, कारण यश बोलते खरे, पण त्याच्या बोलण्यावर विसंबून राहता येत नाही. ज्या व्यवहारात अपयश साक्ष देत नाही आणि यशाची साक्ष ग्राह्य धरता येत नाही, त्या व्यवहारात आपले ज्ञान यथार्थ आहे हे मनुष्याने कशावरून ठरवावे, हा प्रश्न मला केवळ यंत्रविद्येचा वाटत नाही. आपल्या दर्शनकारांनी प्रामाण्यवाद या नावाने शतकानुशतके चर्चिलेला तो प्रश्न आहे, आणि त्यांच्या युक्तिवादांची इतकी कठोर कसोटी घेणारे दुसरे क्षेत्र आजच्या काळात मला दिसत नाही.

अपयशाच्या मौनाचे पहिले कारण गणिती आहे. २००१ साली अमेरिकेच्या शासनाने प्रमाण म्हणून स्वीकारलेली आणि आज जगभर रूढ असलेली एईएस ही पद्धती मजकुराचे १६ बाइटांचे खंड करून ते किल्लीच्या आधारे ढवळून काढते, आणि तिची रचनाच अशी आहे की किल्लीतला एक बिट बदलला तरी फलातले सुमारे निम्मे बिट बदलावेत. वेदान्ती ज्या भ्रमाची चर्चा करतात त्यात दोरी सापासारखी दिसते, शिंपला रुप्यासारखा चकाकतो, म्हणजे भासणारी वस्तू आणि खरी वस्तू यांत सादृश्य असते आणि त्या सादृश्याच्या आधारे भ्रमाचे निरसन करता येते. येथे जवळजवळ बरोबर असलेली किल्ली आणि सर्वस्वी चुकीची किल्ली यांच्या फलांत तिळमात्र भेद दिसत नाही. म्हणून तपास करणाऱ्याला फलाकडून कारणाकडे जाण्याची वाटच उरत नाही. त्याला एकेका संभाव्य कारणाची स्वतंत्र शहानिशा करावी लागते, आणि ती कारणे बहुधा अत्यंत क्षुद्र असतात. सांकेतिक वाक्य फाइलीतून वाचताना शेवटचे नव्या ओळीचे चिन्हही त्याला चिकटून येते. बेस६४ रूपात लिहिलेली किल्ली मूळ बाइटांत न आणता तशीच वापरली जाते. प्रत्येक संदेशासाठी नव्याने घ्यावयाचे आरंभमूल्य संदेशासोबत पाठवायचे राहून जाते. ओपनएसएसएलच्या २०१६ मधील १.१.० या आवृत्तीने सांकेतिक वाक्यापासून किल्ली घडवताना एमडी५ या गणिताऐवजी एसएचए-२५६ हे गणित गृहीत धरण्यास आरंभ केला, आणि जुन्या आवृत्तीने बंद केलेल्या फाइली उघडू पाहणाऱ्यांना वाक्य अचूक, फाइल अक्षत, आणि तरीही नकार, अशा स्थितीला तोंड द्यावे लागले. जुन्या गणिताचे नाव आज्ञेत स्पष्ट लिहिले की तीच फाइल विनातक्रार उघडे.

मराठी वाचकाला याचे अगदी जवळचे उदाहरण आपल्या लिपीतच सापडेल. ‘दुसऱ्या’ या शब्दातला अर्धा र यूनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो: ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, साध्या र ला नुक्ता आणि हलन्त जोडून, किंवा र आणि हलन्त यांच्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह ठेवून. यूटीएफ-८ या रूढ रीतीने मोजले तर पहिल्या प्रकारात त्याचे ६ बाइट होतात, उरलेल्या दोहोंत ९. आणि प्रमाणीकरणाची जी रीत यूनिकोडने घालून दिली आहे ती पहिली दोन रूपे एक करते, तिसरे मात्र वेगळेच राहते. हा शब्द असलेले सांकेतिक वाक्य एका कळफलकावर ठरवले आणि निराळ्या कळफलकावर टंकले, तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांना आणि कानांना जे एकच आहे त्यातून दोन परस्परांशी काडीचाही संबंध नसलेल्या किल्ल्या निर्माण होतात. उच्चारणारे आणि उच्चार अनेक असले तरी शब्द एकच, असे मानणाऱ्या वैयाकरणांच्या स्फोटवादाला या प्रदेशात थारा नाही.

अपयशाच्या मौनाचे दुसरे कारण नैतिक आहे, आणि मला तेच अधिक विचारणीय वाटते, कारण येथे लायब्ररीचे कर्ते अधिक सांगू शकत असूनही हेतुतः सांगत नाहीत. कूटलेखनाच्या एका जुन्या रीतीत मजकुराचा शेवटचा खंड अपुरा पडला तर तो ठरीव नियमाने भरून पुरा करावा लागतो. सर्ज वोदने या संशोधकाने २००२ साली असे दाखवून दिले की हा भरणा चुकीचा आहे किंवा नाही एवढी एकच गोष्ट जर उलगडणारा प्रोग्राम बाहेर कळू देत असेल, तर परक्याने गूढ मजकुरात थोडाथोडा फेरफार करून पुन्हा पुन्हा विचारत राहावे, आणि एकेका बाइटामागे फार तर २५६ प्रश्नांत किल्लीवाचून सारा मजकूर वाचून काढावा. या साऱ्या प्रकारात तो प्रोग्राम एकदाही खोटे बोललेला नसतो. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला ज्या कौशिकाची कथा सांगतात, तो सत्यव्रती तपस्वीही खोटे बोलला नव्हता. लुटारूंनी विचारले, आणि जीव वाचवण्यासाठी रानात शिरलेले लोक कोणत्या वाटेने गेले ते त्याने यथातथ्य सांगितले. त्या लोकांची हत्या झाली आणि कौशिक नरकात गेला, कारण धर्माची सूक्ष्म गती त्याला कळली नव्हती. कूटलेखनाच्या विद्येने हीच गोष्ट स्वतंत्रपणे आणि पुष्कळ किंमत देऊन शिकून घेतली आहे. १९९६ साली पॉल कोकर याने हेही दाखवले की शब्द आवरून भागत नाही, उत्तर देण्यास लागलेला वेळसुद्धा रहस्य सांगून जातो. म्हणून आज चांगल्या लायब्ररीत मजकूर अक्षत असल्याची साक्ष देणाऱ्या दोन टाचणांची (टॅगांची) तुलना करताना पहिला फरक सापडताच थांबण्याची मुभा नसते, शेवटच्या बाइटापर्यंत सारख्याच गतीने जावे लागते.

या मौनाचा भार निरपराध प्रोग्रामरवर पडतो, हे मी नाकारीत नाही. परंतु त्यावर उपाय म्हणून दोषाची सविस्तर हकिकत बाहेर पाठवणे हा अविचार होय. येथे अधिकारभेद पाळावा लागतो: ज्याच्या हाती किल्ली आहे त्याने आपल्याच यंत्रावर, सरावापुरत्या घडवलेल्या आणि पुढे टाकून द्यावयाच्या किल्लीने, दोन्ही टोकांचा प्रत्येक टप्पा बाइट मोजून ताडून पाहावा, परक्याला मात्र ‘नाही’ या एका शब्दापलीकडे काही मिळू नये.

आता यशाकडे वळतो. न्यायभाष्याच्या आरंभीच वात्स्यायनांनी प्रमाणाची सार्थकता प्रवृत्तिसामर्थ्यावर, म्हणजे त्या ज्ञानाला अनुसरून केलेल्या प्रवृत्तीच्या साफल्यावर, उभी केली आहे. तहानलेल्याला दूर पाणी दिसले, तो तेथे गेला, प्याला, तहान शमली. तेव्हा त्याचे ज्ञान यथार्थ होते. व्यवहारातल्या बहुतेक ज्ञानाला ही कसोटी पुरते, आणि प्रोग्रामरही नकळत नैयायिकच असतो: चालवून पाहिले, चालले, म्हणजे बरोबर आहे. कूटलेखनात मात्र तहान शमूनही पाणी खोटे असू शकते. डेबियन या लिनक्सच्या प्रसिद्ध वितरणात २००६ च्या सप्टेंबरात ओपनएसएसएलमधील एक-दोन ओळी गाळण्यात आल्या, कारण स्मृतीचा गैरवापर शोधणाऱ्या साधनांनी त्यांविषयी इशारा दिला होता. गाळणाऱ्याचा हेतू शुद्ध होता, साधनाची तक्रारही मिटली. पण ज्या यादृच्छिकतेच्या बळावर किल्ल्या घडतात तीच त्या ओळीतून मिसळली जात होती. ती गेल्यावर अनिश्चित असे काही उरले असेल तर चालू प्रक्रियेचा क्रमांक, आणि तो ३२,७६८ पलीकडे सहसा जात नसे. १३ मे २००८ रोजी ही गोष्ट जाहीर होईपर्यंत सुमारे वीस महिने त्या किल्ल्यांनी सह्या केल्या, सह्या पडताळल्या, मजकूर गूढ केला, उलगडला, आणि कोठेही तक्रारीला जागा दिली नाही. प्रवृत्तिसामर्थ्य परिपूर्ण होते. गुप्तता मात्र नव्हती.

मीमांसकांचे मत नैयायिकांच्या या कसोटीच्या उलट आहे. कुमारिलभट्टांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते; त्याचे अप्रामाण्य तेवढे बाहेरून कळते, आणि ते दोन मार्गांनी कळते: वस्तू तशी नाही असे सांगणाऱ्या बाधक ज्ञानाने, किंवा ज्या कारणातून ते ज्ञान उपजले त्या कारणातला दोष दिसल्याने. प्रथमदर्शनी हा सिद्धान्त येथे घातक वाटतो, कारण काही उलट दिसेपर्यंत विश्वास ठेवणे हेच तर या क्षेत्रातल्या बहुतेक अनर्थांचे मूळ आहे. तरीही मला कुमारिलांच्या त्या दुसऱ्या मार्गाचे महत्त्व जितके येथे जाणवते तितके अन्यत्र जाणवत नाही. बाधक ज्ञान म्हणजे शत्रूने कपाट फोडल्यावर होणारे ज्ञान, आणि ते झाले तेव्हा उशीर झालेला असतो. उरतो तो कारणदोषाचा शोध. डेबियनमधला दोष उघड झाला तो ल्युसियानो बेल्लो याला मूळ कारणातच, म्हणजे किल्ल्या घडवणाऱ्या संहितेतच, तो आढळला म्हणून. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या भाषाशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये लष्करी कूटलेखनावर लिहिताना किल्लीवाचून बाकी सारी रचना शत्रूच्या हाती पडली तरी हरकत नसावी, असा दंडक घालून दिला. त्याचे व्यावहारिक समर्थन पुष्कळांनी केले आहे. मला त्याचे खरे समर्थन प्रामाण्यशास्त्रीय वाटते. जेथे फलावरून परीक्षा होऊ शकत नाही तेथे कारणाची परीक्षा झाली पाहिजे, आणि झाकलेल्या कारणाची परीक्षा करता येत नाही. डेबियनची संहिताही उघडीच होती आणि तरी वीस महिने गेले, हा आक्षेप मी मान्य करतो. उघडेपणाने परीक्षा शक्य होते, ती आपोआप घडत नाही.

परीक्षेची रीतही आपल्या परंपरेला परकी नाही. अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही पाहावेत असे तर्कशास्त्र सांगते. प्रोग्रामर मात्र प्रायः अन्वयावर समाधान मानतो. खऱ्या किल्लीने मजकूर उलगडला, खरी सही मान्य झाली, की त्याची रुजुवात संपते. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलच्या प्रणालीत आढळलेला दोष याचे दारुण उदाहरण आहे. सर्व्हरच्या सहीची पडताळणी करणाऱ्या संहितेत ‘गोटू फेल’ ही ओळ लागोपाठ दोनदा लिहिली गेली होती, आणि दुसरी ओळ कोणत्याही अटीखाली नसल्याने निर्णायक पडताळणी टाळून प्रोग्राम थेट शेवटी जाई व सारे ठीक असल्याचे कळवी. खऱ्या सह्या तो आधीप्रमाणेच स्वीकारीत होता, म्हणून अन्वयात उणे नव्हते. खोटी सही पुढे ठेवून नकार येतो का, एवढे पाहिले असते तर दोष त्याच दिवशी सापडता. म्हणून लायब्ररी वापरणाऱ्याने गूढ मजकुरातला एक बिट उलटवावा, टाचण कापून लहान करावे, मुदत संपलेले प्रमाणपत्र द्यावे, आणि प्रत्येक वेळी नकाराची वाट पाहावी, असे मी आग्रहाने म्हणतो. ज्ञात किल्ली आणि ज्ञात मजकूर यांचे ज्ञात फल छापलेली जी कोष्टके प्रमाणसंस्था प्रसिद्ध करतात, ती या क्षेत्रातली आप्तवचने होत. त्यांच्याशी आपले फल जुळले तर गणित बरोबर चालते एवढे सिद्ध होते, किल्ली खरोखर यदृच्छेने निवडली गेली हे मात्र कोणतेही कोष्टक सांगू शकत नाही.

येथवर येऊनही एक मोह उरतो, आणि तो अनुभवी लोकांनाही सुटत नाही: इतकी वर्षे काही झालेले दिसले नाही, त्या अर्थी काही झाले नाही. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु तिला योग्यतेची अट घातली. वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती असेल, तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. उजेडात टेबलावर घडा दिसत नाही म्हणून घडा नाही असे म्हणता येते, अंधारात म्हणता येत नाही. ओपनएसएसएलच्या मार्च २०१२ मध्ये आलेल्या १.०.१ या आवृत्तीत जो दोष शिरला आणि ७ एप्रिल २०१४ रोजी हार्टब्लीड या नावाने जाहीर झाला, त्यात परक्याने लहानसा संदेश पाठवून त्याची लांबी मात्र मोठी सांगावी आणि सर्व्हरने त्यावर विश्वास ठेवून आपल्या स्मृतीतले ६४ किलोबाइटांपर्यंतचे तुकडे परत करावेत, असा प्रकार होता; त्या तुकड्यांत लोकांचे सांकेतिक शब्द असू शकत, खुद्द सर्व्हरची खासगी किल्लीही असू शकत होती. अशी मागणी कोणी केली असती तरी सर्व्हरच्या नेहमीच्या नोंदवहीत तिचा मागमूस राहत नसे. नोंदवह्या कोऱ्या होत्या, पण ते अंधारातले न दिसणे होते, आणि जबाबदार व्यवस्थापकांनी त्याला प्रमाण मानले नाही. चोरी झाल्याचा एकही दाखला हाती नसताना त्यांनी आपल्या जुन्या किल्ल्या बाद केल्या, नवी प्रमाणपत्रे घेतली, आणि लोकांना सांकेतिक शब्द बदलण्यास सांगितले.