इंजिनाला पाप लागतं का?

आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना हवेने थंड होणारं इंजिन शिकवायची वेळ आली, की मी फळ्यावर आकृती काढायचो ती फोक्सवॅगन बीटलच्या इंजिनाची. त्यात पाणी नाही, रेडिएटर नाही. म्हणजे थंडीत गोठायला काही नाही आणि चढावर उकळायलाही काही नाही. चार सिलिंडर, दोन-दोन समोरासमोर आडवे. डायनॅमोच्या शाफ्टवर बसवलेला पंखा फिन्सवर हवा ढकलतो. आठ व्हॉल्व्हना कॅम मात्र चारच, कारण समोरासमोरच्या सिलिंडरांचं काम एकाच कॅमवर भागतं. या बुद्धीपुढे मी आजही हात जोडतो.

ही बुद्धी कामाला लावली ती हिटलरच्या राजवटीने. १९३४ साली फर्डिनांड पोर्शे यांच्याकडे लोकांच्या गाडीचं काम आलं. किंमत हजार मार्कांच्या आत हवी होती आणि हिवाळ्यात उघड्यावर उभी राहिली तरी गाडी सकाळी चालू व्हायला हवी होती. दोन सिलिंडरची इंजिनं झाली, टू-स्ट्रोक झाली; टिकली ती फ्रान्झ रायमश्पीस यांची ९८५ सीसीची रचना. १९३८ मध्ये कारखान्याची पायाभरणी झाली. तीन लाखांहून जास्त जर्मनांनी गाडीसाठी हप्त्याहप्त्याने पैसे भरले, पण युद्ध संपेपर्यंत त्यांतल्या एकालाही गाडी मिळाली नाही. इंजिन गेलं लष्कराच्या क्युबेलवॅगनमध्ये, आणि १९४३ मध्ये ते ११३१ सीसीचं झालं.

ते घडवणारे हात कुणाचे होते? १९४४ च्या सुमारास त्या कारखान्यातले सुमारे दोन तृतीयांश लोक सक्तीने आणलेले होते: पोलिश, सोव्हिएत, युद्धकैदी, छळछावणीतले कैदी. सक्तीच्या मजुरीला जुंपलेल्या पोलिश आणि सोव्हिएत बायकांची तान्ही मुलं त्यांच्यापासून तोडून कारखान्याच्या शिशुगृहात ठेवली जात. र्‍यूएन गावी हलवलेल्या त्या शिशुगृहात तीनशेहून अधिक बाळं उपासमारीने आणि रोगाने मेली. कारखान्याच्या डॉक्टरला १९४७ मध्ये त्यासाठी फाशी झाली.

मग हे इंजिन चांगलं म्हणायचं का?

माझे वडील सेवा दलातले. साधनशुचितेचा आग्रह आमच्या घरात जेवणाच्या ताटापर्यंत होता. त्या कसोटीवर उत्तर सरळ आहे: साधन अपवित्र, म्हणून फळही अपवित्र. पण १९४५ मध्ये बॉम्बने फुटलेल्या त्याच कारखान्यात आयव्हन हर्स्ट हा ब्रिटिश मेजर आला. ब्रिटिश लष्कराने वीस हजार गाड्यांची मागणी नोंदवली आणि उपाशी गावाला काम मिळालं. पुढे याच इंजिनावर रुग्णवाहिका धावल्या, टपाल पोचलं, मेक्सिकोत असंख्य टॅक्सीवाल्यांचे संसार चालले. त्यांची भाकरी मला अपवित्र म्हणवत नाही.

कर्मसिद्धान्त दुसरं उत्तर देतो. कर्म करणाऱ्याला चिकटतं, धातूला नाही. हे खरं आहे. पण एवढ्यावर थांबलो तर करणारे मेले की हिशेब संपतो, आणि फळ खाणारे मोकळे राहतात. हे मला मान्य नाही.

पाप वारसाने येत नाही. ऋण मात्र येतं, असं मला वाटतं. यावर कुणी शास्त्र काढील. याज्ञवल्क्य स्मृती सांगते, की बापाने दारूसाठी, जुगारासाठी काढलेलं कर्ज मुलाने फेडायचं नाही. अधर्माचं ऋण वारसावर नाही, मग इथेच का? कारण तिथे सावकाराने जाणूनबुजून पैसे दिलेले असतात. र्‍यूएनच्या आयांनी काही उधार दिलं नव्हतं, त्यांच्याकडून ते ओरबाडून घेतलं होतं. चोरीचा माल ज्याच्या घरात सापडतो तो चोर नसेलही, पण धन्याचा हक्क त्याने मानलाच पाहिजे.

ऋण मानलं की काय करायचं, हे त्या इंजिनाच्या इतिहासातच दिसतं. त्याचा ऑइल कूलर पंख्याच्या कवचात, तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेत उभा होता. म्हणून तो सिलिंडर इतरांपेक्षा जास्त तापायचा आणि त्याचा व्हॉल्व्ह आधी जळायचा. इंजिन ११९२, १२८५, १४९३, १५८४ सीसी असं वाढत गेलं, कूलर तिथेच राहिला. १९७१ च्या मॉडेलमध्ये तो बाजूला हलवून त्याला वेगळी हवा दिली. मूळ रचनेतली खोट मान्य करणं आणि वाट बदलणं, एवढंच ते काम होतं. कंपनीने आपल्या भूतकाळाच्या अभ्यासाचं काम १९८६ मध्ये हान्स मॉमझन या इतिहासकारावर सोपवलं आणि वेठबिगारांसाठी मदतनिधी उभारला १९९८ मध्ये. तोवर बरेचसे धनको हयात नव्हते. निधी योग्यच होता, पण फार उशिरा आला, हेही म्हटलं पाहिजे.

शेवटची बीटल ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतल्या प्वेब्ला इथे तयार झाली. तोवर दोन कोटी पंधरा लाखांवर गाड्या झाल्या होत्या. इंजिन निर्दोष आहे, असं मी ठामपणे म्हणतो. ते वापरणारे, शिकवणारे, त्यावर खूश होणारे आपण ऋणको आहोत, असंही तितक्याच ठामपणे म्हणतो. आज चाकणला त्याच कंपनीच्या गाड्या बनतात आणि आमच्या भागातली मुलं अशा कारखान्यांत कामाला जातात. त्यांना शिकवणाऱ्या निदेशकांना माझी विनंती आहे: चार कॅम शिकवा त्याच तासाला र्‍यूएनही शिकवा. त्याशिवाय हा पाठ पुरा होत नाही.