दुःख मागून घेता येतं का?

क्रुसापाशी उभी असलेली येशूची आई मरिया, हा ‘स्टाबात मातेर’ या लॅटिन स्तोत्राचा विषय. स्तोत्र तेराव्या शतकातलं, तीन-तीन ओळींच्या वीस कडव्यांचं. कर्ता कोण, यावर अजून एकमत नाही. सुरुवातीला भक्त मरियेला नुसता पाहतो. मग थेट तिच्याशीच बोलू लागतो आणि म्हणतो, तुझ्या दुःखाची धग मलाही लागू दे. देवाला दुःख घालवायला सांगणारे पुष्कळ असतात. हा ते मागून घेतोय. परदुःख शीतळ असतं हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसाला यात थोडं ढोंगही दिसेल. दुसऱ्याच्या मुलासाठी त्याच्या आईइतकं कोण रडतं?

पोलंडचे संगीतकार क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की यांनी १९६२ मध्ये हे स्तोत्र हाती घेतलं, तेव्हा देशात कम्युनिस्ट राजवट होती आणि चर्चशी तिचं जमत नव्हतं. त्यांचं बालपण जर्मनांच्या ताब्यातल्या डेम्बित्सा गावात गेलेलं. दोनच वर्षांपूर्वी बावन्न तंतुवाद्यांसाठी त्यांनी एक रचना केली होती. तिचं आधीचं नाव म्हणजे नुसते वाजवायला लागणारे मिनिट-सेकंद. हिरोशिमाचं नाव तिला मागाहून मिळालं. म्हणजे आक्रोश आधी, तो कुणाचा हे नंतर! ‘स्टाबात मातेर’मध्ये ती सोय नाही. दुःख कुणाचं, हे पहिल्याच ओळीत ठरलेलं.

वाद्य एकही नाही. तीन गायनवृंद, प्रत्येकात सोळा स्वतंत्र आवाज. विसातली फक्त सहा कडवी त्यांनी ठेवली. आईच्या काळजात घुसणारी तलवार गाळली, येशूच्या अंगावरचे फटके गाळले; हे पाहून कोण रडणार नाही, असं विचारणारं कडवं मात्र राखलं आणि दुःखाची मागणीही राखली. निवड मोठी धूर्त आहे. जखमा दाखवून रडवायचं नाही, असं ठरवल्यासारखी. जुन्या चर्चमधल्या पठणासारखी सुरावट हळूहळू दाट होते, मध्येच सूर सुटतात आणि गायक नुसते शब्द बोलू लागतात. अठ्ठेचाळीस आवाज असे वेगवेगळे बोलू लागले की दुःख कुणा एकाचं राहत नाही. ढोंगाच्या आरोपाला याहून चांगलं उत्तर शब्दांनी देता आलं नसतं.

शेवटच्या कडव्यात स्वर्गाचं वैभव मागितलं जातं आणि त्या शब्दावर, इतक्या कर्कश स्वरांनंतर, सगळे आवाज लख्ख डी मेजरमध्ये एकवटतात. ऐकताना सुटल्यासारखं वाटतं, आणि लगेच शंकाही येते: हे जरा स्वस्तात मिळालं का?

पेंडेरेत्स्कींनी हीच रचना पुढे येशूच्या यातना आणि मृत्यूची कथा गाणाऱ्या आपल्या ‘सेंट लूक पॅशन’मध्ये घातली. ते ३० मार्च १९६६ रोजी जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या कॅथेड्रलमध्ये पहिल्यांदा गायलं गेलं. त्यात ‘स्टाबात मातेर’ची जागा येशूच्या मृत्यूआधी आहे. डी मेजरचा तो उजेड पडतो तेव्हा क्रुसावरचा मुलगा अजून जिवंत असतो.