टाकायचे काय?

गळ्यात माळ पडली की साधकाला पहिला प्रश्न पडतो, आता सोडायचे काय? मद्य-मांस सुटते, एकादशी लागते. हे डोळ्यांना दिसणारे आहे, म्हणून त्यातल्या त्यात सोपे. हाच प्रश्न आपल्या साताऱ्यात राहिलेल्या एका ख्रिस्ती कवीलाही पडला होता.

नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. नव्या ख्रिस्ती घराला त्या काळी सांगणे असे की, देवाला न रुचणारे ते सारे रोजच्या जगण्यातून बाहेर काढा. सांगणे योग्यच. पण टाकायच्या गाठोड्यात मूर्तींबरोबर टाळ, वीणा, अभंगही बांधले जाऊ लागले. टिळकांनी ते गाठोडे सोडून पाहिले. तुकोबारायांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. मग पूल कशाला मोडायचा? त्यांनी अभंग रचले, कीर्तने केली आणि 1917 साली मिशनचे काम सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला, दोघांनाही तेथे जागा होती. पुढे दोनच वर्षांत ते गेले. त्यांची वाट माझी नव्हे. मला माझा विठोबा पुरेसा आहे. पण टाळ ठेवून टाकायचे काय, हे त्या माणसाने नीट ओळखले होते.

त्याचे मर्म मला लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त सापडले. ख्रिस्ती झालेल्या पतीच्या घरी येऊनही बाईंचे सोवळे सुटेना. मग एकदा त्यांनी मनाशी विचार केला, जात देवाने केली की माणसाने? आणि कोणाच्याही हातचे खाण्याचा निश्चय केला. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली. उलट, बाप्तिस्मा घेऊनही जात उराशी धरणारी घरे होतीच. डोक्यावर पाणी पडले, पण पाण्याचा माठ वेगळाच राहिला.

आपण हसू नये. 1947 साली साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण करून प्राण पणाला लावले, तेव्हा चोखोबांच्या लेकरांना मंदिराचे दार उघडले. तोवर आपल्या गळ्यात माळा होत्याच की!

माझीच गोष्ट सांगतो. तरुणपणी सांगलीकडच्या एका गावात सप्ताहाला होतो. मिरजेकडचे एक ख्रिस्ती मास्तर पेटीवर साथीला येत. बोटांत गोडवा होता. ते आमच्या कीर्तनात बसतात हे त्यांच्या मंडळींतल्या काहींना खपत नसे, तरी यायचे. शेवटच्या दिवशी माझे काल्याचे कीर्तन झाले. सगळ्या गोपाळांच्या शिदोऱ्या देवाने एकत्र कालवल्या, हे मी तासभर रंगवून सांगितले. लोकांच्या डोळ्यांत पाणी आले. मास्तरांच्याही.

नंतर पंगत बसली. कोणीतरी मास्तरांना हळूच म्हणाले, “तुम्ही जरा तिकडे बसा.” ते पारापलीकडे जाऊन बसले. मी मानाच्या पाटावर होतो. मला ऐकू आले होते. पान वाढलेले होते, भूक लागली होती, आणि संयोजकांना दुखवावे असे वाटले नाही. मी जेवलो.

पुढच्या वर्षी मास्तर आले नाहीत. मीही विचारले नाही. त्यानंतर कितीतरी गावांत काल्याचे कीर्तन केले. शिदोऱ्या कालवण्याचा प्रसंग आला की माझा आवाज उतरायचा. टाळकऱ्यांना वाटे, महाराज थकले.