फितुराचे स्वगत

हेरगिरीचा नैतिक विचार करताना बहुधा एकच प्रश्न पुढे ठेवला जातो : ज्या कार्यासाठी फसवणूक केली ते कार्य न्याय्य होते काय? कार्य न्याय्य ठरले की हेर देशभक्त होतो. न ठरले की तोच माणूस फितूर म्हणून ओळखला जातो. दुरून टेहळणी करून परत येणाऱ्या जासुदापुरता हा निकष पुरेसा असेलही. परंतु शत्रूच्या सैन्यात वर्षानुवर्षे राहणारा, त्याचे अन्न खाणारा, त्याच्या बाजूने शस्त्र धरणारा आणि त्याच वेळी दुसऱ्या पक्षाचे काम करणारा जो माणूस, त्याच्या बाबतीत हा निकष तोकडा पडतो. तेथे फसवणूक केवळ 'शत्रू' नावाच्या अमूर्त सत्तेची होत नाही. त्या सत्तेत राहून या माणसावर विश्वास टाकणाऱ्या कोणा एकाची होते. कार्य कितीही न्याय्य असले तरी त्या एकाचे देणे फिटते काय, हा खरा प्रश्न आहे.

कौटिल्याने अशा माणसाला 'उभयवेतन' म्हटले आहे. दोन्हीकडून वेतन घेणारा, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. त्यात निंदा नाही आणि स्तुतीही नाही. अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात गूढपुरुषांच्या प्रकरणात या मंडळींविषयी जी दक्षता सांगितली आहे ती मोठी बोलकी आहे : त्यांच्या बायकामुलांना ताब्यात ठेवून मगच त्यांना शत्रूकडे नोकरीस पाठवावे. उभयवेतनाचे मन खरोखर कोणाकडे आहे हे धन्यालाही कळू शकत नाही, ही कबुली या एका सूचनेत दडलेली आहे. मन वाचता येत नाही, म्हणून ओलीस धरायचे. निष्ठेला 'आतली गोष्ट' मानून तिच्यावर निर्णय देणाऱ्या सर्व नीतिविचारापुढे कौटिल्याने येथे एक अडचण उभी केली आहे, आणि ती आजही दूर झालेली नाही.

मराठ्यांच्या इतिहासात या अडचणीचे सर्वांत व्यामिश्र उदाहरण जिंजीच्या वेढ्यात सापडते. 1689 मध्ये संभाजी महाराजांच्या वधानंतर राजाराम महाराज दक्षिणेत जिंजीला गेले. 1690 पासून झुल्फिकार खानाने त्या किल्ल्याला वेढा घातला. मध्ये अनेकदा सैल पडलेला आणि पुन्हा आवळलेला हा वेढा 1698 च्या आरंभी किल्ला पडेपर्यंत चालला. पण किल्ला पडला तेव्हा राजाराम महाराज त्यात नव्हते. त्यांच्या सुटकेत मोगली छावणीतील मराठा सरदार गणोजी शिर्के याचा हात होता. हा गणोजी म्हणजे शिवाजी महाराजांचा जावई आणि येसूबाईंचा भाऊ. दाभोळच्या वतनावरून दुखावलेले शिर्के संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत मोगलांकडे गेले होते. संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले त्याचा ठपकाही परंपरा याच घराण्यावर ठेवते, मात्र त्याच्या पुराव्यांविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जिंजीत त्याच्याशी बोलणे केले ते खंडो बल्लाळ चिटणीस यांनी. शिर्क्याने कोकणातले वतन मागितले आणि खंडो बल्लाळांनी आपले वतन त्याला लिहून दिले, अशी ही कथा आहे.

ही कथा प्रामुख्याने मल्हार रामराव चिटणीस यांच्या एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच्या बखरीतून पुढे आली. बखरकार खंडो बल्लाळांचे वंशज. हे ध्यानात घेतले की कथेची घडण उलगडू लागते. खंडो बल्लाळांच्या वडिलांना, बाळाजी आवजींना, संभाजी महाराजांनी 1681 मध्ये देहदंड दिला होता. तरीही मुलगा राज्याशी एकनिष्ठ राहिला आणि वतनावर पाणी सोडून त्याने राजा वाचवला. या माणसाला अंतःकरण आहे, जखम आहे, तिच्यावर मिळवलेला विजय आहे. शिर्क्याला मात्र फक्त किंमत आहे. ज्या क्षणी तो वेढा घालणाऱ्या सैन्यात उभा राहून वेढलेल्या राजाला वाट करून देतो, त्या क्षणी त्याच्या मनात काय होते हे बखर सांगत नाही. मेहुण्याची दया, बहिणीच्या घराचा नाश पाहिल्याची टोचणी, की केवळ दाभोळ? वतन मागितले एवढ्यावरून दुसरे काहीच नव्हते असे ठरत नाही. तरीही वाचकाचे समाधान होते, कारण किंमत सांगितली की हेतू सांगितला असे मानण्याची सवय जुनीच आहे.

आंद्रे विंक यांनी 1986 च्या आपल्या ग्रंथात 'फितवा' ही त्या काळच्या राज्यव्यवहाराची विकृती नसून रीतच होती, असे प्रतिपादन केले. वतनदार पक्ष बदलत, सत्ता त्यांना पुन्हा आपल्याकडे वळवीत, आणि सार्वभौमत्व या ओढाताणीतूनच घडत असे. जिंजीच्या छावणीला हे वर्णन चपखल बसते. खुद्द झुल्फिकार खानही वेढा मुद्दाम लांबवीत असल्याचा संशय त्या काळीच घेतला जात होता. मोगली सैन्यातच वावरलेल्या भीमसेन सक्सेनाने तसे लिहून ठेवले आहे. जेथे वेढा घालणाराच वेढ्याविषयी संशयास्पद आहे तेथे शिर्क्याने फसवले तरी कोणाला? विंक यांच्या मांडणीत एक गोष्ट मात्र अनुत्तरित राहते. फितवा ही जर सर्वमान्य रीत होती, तर 'फितूर' ही शिवी का राहिली? 1715 च्या सुमाराचे आज्ञापत्र परचक्र येताच शत्रूशी संधान बांधणाऱ्या वतनदारांविषयी ज्या कडवटपणे बोलते, तो कडवटपणा नित्याच्या व्यवहाराविषयीचा नाही. व्यवहार सर्वांना ठाऊक होता, आणि तो लाजिरवाणा आहे हेही सर्वांना ठाऊक होते.

बखरीने जे दिले नाही ते पुढे रंगभूमीने दिले : फितुराला स्वगत मिळाले. चुलबंद आणि वैनगंगेच्या काठांवर, लाखांदूरपासून जवळच्या वडसा गावापर्यंत आणि पुढे गडचिरोली-चंद्रपूरच्या अंगाने पसरलेल्या झाडीपट्टीत धान घरात आले की मंडई भरते आणि रात्र-रात्र नाटके चालतात. अशा रंगमंचावर ऐतिहासिक नाटकातला फितूर प्रेक्षकांकडे वळून आपला डाव सांगतो. शेजारी उभ्या असलेल्या राजाला ते ऐकू येत नाही. मंडपातल्या शेवटच्या रांगेला येते. या संकेताला नैतिक परिणाम आहे. जीवनात ज्याचे मन वाचता येत नाही असा माणूस रंगमंचावर पारदर्शक होतो आणि त्याचा न्याय करणे सोपे जाते. कौटिल्याला ओलीस धरावे लागले. प्रेक्षकाला तशी गरज उरत नाही.

याच मुलखाच्या इतिहासात स्वगत नसलेले फितूर मात्र आहेत. हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. सीताबर्डीच्या लढाईनंतर, मार्च 1818 मध्ये, आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी कैद केले. त्यांना अलाहाबादेकडे नेले जात असता 13 मे 1818 रोजी जबलपूरच्या बाजूला रायचूर येथील मुक्कामातून ते शिपायाच्या वेषात निसटले. पहाऱ्यावरचे कंपनीचे शिपाईच त्यांना सामील होते. इंग्रजी वृत्तान्त याचे कारण लाच असे देतात. पैसा दिला गेला असेल. पण कंपनीचा गणवेश अंगावर असलेल्या माणसाने तोच वेष कैदी राजाच्या अंगावर चढवू द्यावा, यामागे आणखी काय होते हे विचारण्याची गरज वृत्तान्तकाराला वाटली नाही. बखरकाराने जेथे वतन लिहिले तेथे त्याने लाच लिहिली, इतकाच फरक.

स्वगत मिळाल्याने न्याय खरोखर सोपा होतो काय, याची कसून परीक्षा विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षसा'त झाली आहे. भागुरायण हा मलयकेतूच्या सैन्यातील त्याचा सर्वांत जवळचा माणूस आणि चाणक्याचा हस्तक. पाचव्या अंकात, जेव्हा बनावट पत्राच्या साहाय्याने राक्षसाचा घात करायची वेळ येते, तेव्हा तो क्षणभर थबकतो. हा कुमार आपल्यावर एवढा जीव लावतो आणि त्यालाच फसवायचे, हे त्याला जड जाते. मग तो स्वतःला समजावतो : ज्याने पैशासाठी आपले शरीर धनिकाला विकले, कुल, लाज, यश, मान यांकडे पाठ फिरवली, त्या परतंत्र माणसाला हित-अहित तोलण्याचा अधिकारच कोठे उरला?

या स्वगताचे गुणगान पुष्कळ झाले आहे. त्याचे तर्कशास्त्र मात्र फारसे तपासले गेले नाही. भागुरायण येथे चाणक्याच्या ध्येयाचा आधार घेत नाही. मौर्यांचे राज्य स्थिर व्हावे म्हणून हे करतो आहे, असे तो म्हणू शकला असता. तो म्हणतो, मी विकला गेलो आहे. हा अपराध नाकारण्याचा प्रकार नाही. अपराध करणारा 'मी'च नाकारण्याचा आहे. आणि गंमत अशी की विकल्या गेलेल्या माणसाला मुळात जड वाटायला नको. जड वाटले, यातच तर्क फसला. त्याच अंकात मलयकेतू राक्षसाविषयी मनाशी तर्क करीत असतो, त्याची निष्ठा खरी की खोटी हे त्याला ठरवता येत नाही. संशय एकनिष्ठ माणसावर आणि विश्वास हेरावर, अशी ही रचना आहे. तिचे फळ लगेच दिसते : राक्षस दूर केला जातो, पाच मित्र राजांना मलयकेतू स्वतःच ठार करवतो. नाटकाच्या शेवटी राक्षसाच्या मध्यस्थीने मलयकेतूला त्याचे पैतृक राज्य परत मिळते. मारल्या गेलेल्या राजांचा हिशेब कोणी मांडत नाही. आणि भागुरायण त्या कुमाराच्या नजरेला नजर देतो असा प्रसंग नाटककाराने लिहिलेला नाही. विशाखदत्ताएवढ्या काटेकोर रचनाकाराकडून ही जागा अनवधानाने सुटली असेल, हे पटत नाही.

महाभारतातील शल्याची गोष्ट याहून कठीण आहे. माद्रीचा हा भाऊ पांडवांकडे निघाला होता. वाटेत दुर्योधनाच्या आतिथ्यात सापडून त्याने त्याला वचन दिले. युधिष्ठिराला हे कळल्यावर त्याने मामाला सांगितले की वचन पाळा, पण कर्णाचे सारथ्य कराल तेव्हा त्याचे तेज कमी करा. हे अनुचित आहे असे युधिष्ठिरच तेथे म्हणतो. धर्मराजाने जाणीवपूर्वक मागितलेली ही फितुरी. शल्य सारथी होतो, कर्णाला हंस-कावळ्याची गोष्ट ऐकवतो, टोमणे मारतो. पण अर्जुनावर सर्पबाण सुटण्याच्या वेळी तोच कर्णाला सांगतो की हा बाण मानेपर्यंत पोचणार नाही, पुन्हा नेम धर. कर्ण ते मानत नाही. बाण किरीटावर जातो. हा सल्ला खरा होता. तो फितुराने दिला की सारथ्याने? मन खचवण्याचा तो आणखी एक प्रकार होता, की रथाचा कासरा हाती असताना माणूस नकळत त्या रथाचा होऊन जातो? महाभारतकाराने शल्याला येथे स्वगत दिलेले नाही. 'मृत्युंजया'तही सहा जण आपापली कहाणी सांगतात. शल्य त्यांत नाही. पुढे कर्ण पडल्यावर हाच शल्य कौरवांचा सेनापती होतो, जीव तोडून लढतो, आणि अठराव्या दिवशी त्याला मारतो तो युधिष्ठिरच. ज्याने गुप्त काम सांगितले त्याच्याच हातून मरण. दोन्ही वचने पाळणाऱ्या माणसाला तिसरी वाट उरलेली दिसत नाही.

ई. एम. फॉर्स्टर यांनी 1938 मध्ये देश की मित्र अशी निवड करायची वेळ आली तर मित्राशी द्रोह न करण्याचे धैर्य असावे, अशी इच्छा व्यक्त केली होती. या विधानावर बरीच चर्चा झाली, पण उभयवेतनाला ते लागूच पडत नाही. फॉर्स्टर यांच्या कल्पनेतला मित्र द्रोहाच्या आधीपासून मित्र आहे. भागुरायणाच्या बाबतीत मैत्री हेच हत्यार आहे. तिच्यावाचून द्रोह घडूच शकला नसता. म्हणून तेथे निवड करावी लागते ती मित्र आणि देश यांत नव्हे. पत्करलेल्या कामाच्या ओघात खोटी मैत्री खरी झाली तर काय करायचे, हा तेथला पेच आहे.

या पेचातून बाहेर पडण्याची एक वाट मराठी इतिहासात एकदा दिसून गेली. मोर दीक्षित हे दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारातील वजनदार गृहस्थ. पेशव्यांच्या कवायती फौजेचा सेनानी फोर्ड हा त्यांचा मित्र. 1817 मध्ये इंग्रजांवर हल्ला करण्याचे ठरू लागले तेव्हा दीक्षितांनी फोर्डला त्याची कल्पना दिली आणि तटस्थ राहण्यास सुचवले, असे ग्रँट डफ सांगतो. फोर्डने आपण आपल्या देशबांधवांच्या बाजूने लढणार हे स्पष्ट केले. तेव्हा दोघांनी एवढेच ठरवले की जो वाचेल त्याने दुसऱ्याच्या कुटुंबाचा सांभाळ करावा. काटेकोर न्यायाने पाहता दीक्षितांनी धन्याचे गुपित शत्रूला सांगितले, हा द्रोहच. फोर्डची स्थिती तर त्याहून चमत्कारिक. त्याच्या पलटणीचा पगार पेशव्यांच्या खजिन्यातून होत होता, आणि 5 नोव्हेंबर 1817 रोजी तीच पलटण घेऊन तो दापोडीहून खडकीच्या रणांगणावर इंग्रजांना येऊन मिळाला. उभयवेतन या शब्दाचा अक्षरार्थ इतका नेमका क्वचितच कोणाला लागू पडला असेल. इंग्रज इतिहासकारांनी त्याला फितूर म्हटलेले नाही.

दीक्षित त्या दिवशी पेशव्यांच्या बाजूने लढले. कौटिल्याने ज्या बायकामुलांना ओलीस धरायला सांगितले होते, त्यांना या दोघांनी एकमेकांच्या हवाली केले होते. फोर्डच्या पलटणीवर चालून गेलेल्या घोडदळात दीक्षित होते, आणि ज्या तोफेच्या माऱ्याने ते पडले ती त्याच पलटणीची होती, अशी नोंद ग्रँट डफने करून ठेवली आहे.