जटपुरा गेट आणि आठ जीबी

चि. मृण्मयीस,


तुझी तीन लॅपटॉपची यादी मिळाली. सोबत पाठवलेलं चंद्रपूरच्या जटपुरा गेटचं मॉडेलही ब्लेंडरमध्ये उघडून, चारी बाजूंनी फिरवून पाहिलं. कमानीचा एकेक दगड तू सुटा बसवला आहेस, सपाट भिंतीवर फोटो चिकटवून वेळ मारून नेलेली नाही. बरं वाटलं. यादी पाहून मात्र तेवढं बरं वाटलं नाही. तिन्हींत प्रोसेसरचं नाव ठळक अक्षरांत, ग्राफिक्स कार्डापुढे नुसतं ‘आरटीएक्स आहे’, आणि पडद्याच्या रकान्यात फक्त ‘१४४ हर्ट्झ’. दुकानदाराने सांगितलं तसं तू उतरवून घेतलंस, त्यात तुझा दोष नाही. पण दुकानदार गेम खेळणाऱ्याच्या हिशेबाने बोलतो. तू पुण्यात जाऊन गेम करायला शिकणार आहेस.

खेळणाऱ्यापुढे शिजलेलं ताट येतं. पोत, म्हणजे टेक्स्चर, दाबून लहान केलेले असतात, मॉडेलं हलकी केलेली असतात, प्रकाशाचं बरंचसं गणित आधीच उरकलेलं असतं. तुझ्यापुढे सगळा कच्चा माल पडलेला असणार, तोही एकाच वेळी तीन-चार प्रोग्रॅममध्ये उघडा. म्हणून तुझं काम अडेल ते बहुधा वेग कमी पडला म्हणून नाही, जागा कमी पडली म्हणून अडेल.

तुझ्याच गेटचा हिशेब मांडू. दगडाचा एक ४के पोत म्हणजे ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेल. दर पिक्सेलला चार बाइट धरले, तर एकट्या रंगाच्या पोताला ६४ एमबी लागतात. नॉर्मल मॅपला आणखी ६४, आणि तो १६ बिटांचा असला तर त्याच्या दुप्पट. रफनेस आणि हाइट नुसत्या करड्या छटांचे, त्यांना १६-१६ पुरतात. म्हणजे एका मटेरियलचे कमीत कमी १६० एमबी झाले. आता गेट, परकोट, रस्ता, झाडं, टपऱ्या, ऑटोरिक्षा असं मिळून तीस मटेरियलं धर, तेवढी सहज होतात. नुसत्या पोतांचे ४,८०० एमबी. त्यावर मॉडेलची भूमिती, किरणांचा माग काढण्यासाठी ब्लेंडरचं रेंडर इंजिन सायकल्स मेमरीत उभी करतं ती रचना, आणि विंडोजचा स्वतःचा वाटा. सहा जीबीचं कार्ड इथे हात टेकतं. मग एक तर रेंडर मध्येच थांबतो, नाही तर पोत लॅपटॉपच्या साध्या रॅममध्ये सांडतात आणि काम रांगायला लागतं. फोल्डरमध्ये त्याच पोताची जेपीजी फाइल पाच-सात एमबीची दिसते, तिच्यावर जाऊ नकोस. कार्डात शिरली की ती पूर्ण उलगडते. अनरियलसारख्या गेम इंजिनात पोत दाबलेले राहतात आणि मोठ्या पोतांची जागा साधारण चौथाईवर येते, पण तिथे एडिटर स्वतःच भरपूर मेमरी खातो.

ही जी जागा, ती ग्राफिक्स कार्डाची स्वतःची मेमरी, म्हणजे व्हीरॅम. लॅपटॉपमध्ये ती आयुष्यात पुन्हा वाढवता येत नाही, म्हणून यादीत तिला पहिला रकाना दे. आरटीएक्स ४०५० मध्ये ती ६ जीबी आहे, ४०६० मध्ये ८. २०२५ साली आलेल्या मालिकेत ५०५० आणि ५०६० या दोघांतही ८. गंमत अशी की त्याच वर्षी लॅपटॉपांत आलेलं ५०७० सुद्धा ८ वरच थांबलं, १२ जीबी हवी तर थेट ५०७० टीआय. त्यामुळे ५०६० सोडून ५०७० घेणाऱ्याला वेग थोडा जास्त मिळतो, जागा तेवढीच. तुझ्या कामाला तो सौदा परवडत नाही. अनरियलसाठी एपिक कंपनीची शिफारस ८ जीबी व्हीरॅम आणि ३२ जीबी रॅम अशी आहे, ब्लेंडरची शिफारसही याच आकड्यांची. तेव्हा आठ ही तुझी खालची रेघ समज. यादीतला दुसरा लॅपटॉप ४०५० चा आहे, तो इथेच खोडून टाक.

आता सगळे सांगायचं टाळतात ती गोष्ट. डेस्कटॉपचं ४०७० आणि लॅपटॉपचं ४०७० या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिल्यात १२ जीबी आहे, दुसऱ्यात ८. यूट्यूबवर कुणी ‘४०७० वर माझा सीन कसा पळतो’ दाखवत असेल, तर तो कशावर बसलाय हे आधी बघत जा. त्याहून मोठी फसगत वॅटांची. ही कार्डं बनवणारी एनव्हिडिया लॅपटॉप कंपन्यांना एकच ४०६० ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालवायची मुभा देते. सडपातळ, दिसायला देखण्या लॅपटॉपमध्ये ते ६०-७० वॅटवर बांधलेलं असू शकतं आणि जाडजूड, कुरूप लॅपटॉपमध्ये पूर्ण ११५ वर धावतं. खोक्यावर दोन्हीकडे स्टिकर तोच. बैल एकाच जातीचा, पण एकाला अर्धी वैरण. दुकानात उभी असताना एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमधली ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडायला सांग. तिथे कमाल ग्राफिक्स पॉवर वॅटांत लिहिलेली असते. विक्रेता ‘एवढं कोण बघतं’ म्हणाला, तर ‘मी बघते’ म्हण.

वॅट आले की उष्णता आली, आणि इथे तुझं गाव मध्ये येतं. बहुतेक कंपन्या लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरायला सांगतात. चंद्रपूरचा मे महिना ४५ च्या पुढे जातो, आणि कूलर लावला तरी दुपारी खोली कितीशी उतरते ते तू जाणतेस. पंखा बाहेरचीच हवा आत ओढतो. ती तापलेली असली की चिप स्वतःला वाचवायला वेग उतरवते, आणि सकाळी वीस मिनिटांत होणारा रेंडर दुपारी कितीतरी लांबतो. यावर मोठा इलाज नाही, छोटे आहेत. मोठे रेंडर रात्री किंवा पहाटे लाव. लॅपटॉप गादीवर ठेवू नकोस, मागची बाजू दोन बोटं उचलून ठेव. चंद्रपूरला कोळशाची धूळही आहे, म्हणून पंखे वर्षातून एकदा साफ करून घे. आणि पातळ लॅपटॉपचा मोह सोड. तुझ्या यादीतला तिसरा पावणेदोन किलोचा आहे, त्याचं तुला कौतुक वाटतं. माझ्या मते त्याचं तेच वजन त्याच्या विरोधात जातं. अडीच किलोचा लॅपटॉप आणि विटेएवढा चार्जर पाठीवर वाहावा लागेल, मान्य आहे. पण त्या जाडीत तांबं आणि पंखे असतात.

बॅटरीची आशा धरू नकोस. विमानप्रवासाच्या नियमांमुळे लॅपटॉपची बॅटरी १०० वॅट-तासांच्या आतच ठेवतात. पूर्ण जोरात हे यंत्र दीडशे वॅट सहज मागतं, म्हणजे भागाकार तूच कर. शिवाय प्लग काढला की ग्राफिक्स कार्ड आपोआप मंद होतं. वर्गात स्केच कर, रेंडर खोलीवर प्लग लावून.

रॅम १६ जीबीची घेतलीस तरी चालेल, एका अटीवर: ती सुटी असावी आणि बोर्डावर दोन खाचा असाव्यात. मग पुढच्या वर्षी दुसरी १६ ची पट्टी टाकता येते. काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाखलेली असते, तिथे आज घेतली तेवढीच कायमची. एसएसडीच्या दोन जागा आहेत का हेही विचार, कारण अनरियल, त्याचा कॅश आणि दोन-तीन प्रोजेक्ट मिळून ५१२ जीबी बघता बघता भरते.

प्रोसेसरबद्दल फार लिहीत नाही. शेडर कंपाइल होताना आणि सी प्लस प्लसचा कोड बांधताना सगळे कोअर कामाला लागतात हे खरं, पण आय-५ वरून आय-७ वर जायला जे पैसे जास्त देशील, ते व्हीरॅम, रॅम आणि पडद्यावर घालणं अधिक शहाणपणाचं. मॅकबुक सुंदर असतं आणि ब्लेंडर त्यावर छान चालतं. पण थ्रीडीएस मॅक्स मॅकवर नाही, आणि तुमच्या अभ्यासक्रमात ते आहे. विषय संपला.

पडद्याचं मात्र नीट ऐक. गेमिंगच्या स्वस्त लॅपटॉपांत पडदा १४४ किंवा १६५ हर्ट्झचा असतो, पण रंग ‘४५ टक्के एनटीएससी’ एवढेच. म्हणजे एसआरजीबीच्या ६२-६३ टक्क्यांच्या आसपास. गोळी चुकवायला तो पुरेसा आहे. गेटच्या तांबूस दगडाचा रंग ठरवायला तो निकामी. तू दगड बरोबर दिसेपर्यंत लाल वाढवत जाशील, आणि दुसऱ्याच्या चांगल्या पडद्यावर तुझं गेट कुंकवात बुडवल्यासारखं दिसेल. ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे शब्द माहितीपत्रकात नसतील, तर तो लॅपटॉप घेऊ नकोस, किंवा बाहेरच्या मॉनिटरचे पैसे आधीच बाजूला काढ. तीन बटणांचा साधा माउस आणि एक छोटी पेन टॅब्लेट याच खर्चात बसव. टचपॅडवर मॉडेलिंग करणारी मुलं मी पाहिली आहेत, त्यांची मनगटंही पाहिली आहेत. कीबोर्डला नंबरपॅड असला तर उत्तम, ब्लेंडरमध्ये समोरून, बाजूने, वरून बघायला तो सोयीचा पडतो.

पुण्यात एकाच खोलीत चार वर्षं बसणार असतीस, तर मी तुला डेस्कटॉपच घ्यायला लावला असता. तेवढ्याच पैशांत १२ किंवा १६ जीबीचं कार्ड आलं असतं. पण वसतिगृह, वर्ग, सुटीत चंद्रपूर अशी तुझी फिरती आहे, म्हणून लॅपटॉप.

लाखाच्या वर जायचं नाही असं बाबा म्हणाले, आणि तुझं तोंड उतरलं असं ताईने सांगितलं. उतरवू नकोस. ‘फ्लो’ हा लाटव्हियाचा चित्रपट ब्लेंडरमध्ये झाला, त्यासाठी रेंडर फार्म वापरलं नव्हतं, आणि २०२५ मध्ये त्याला ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. दिग्दर्शक गिंट्स झिलबालोडिस यांनी त्यात सायकल्सऐवजी ब्लेंडरचं ईव्ही हे हलकं इंजिन वापरलं, आणि चित्राची शैलीच त्याला साजेशी ठेवली. एरिक बॅरोन यांनी ‘स्टारड्यू व्हॅली’ हा गेम एकट्याने केला, २०१६ मध्ये आणला, आणि तो आजही साध्या, जुन्या लॅपटॉपवर चालतो. पुण्यातच नॉडिंग हेड्स या स्टुडिओच्या लहानशा चमूने अनरियलमध्ये ‘राजी’ हा गेम केला. २०२० मध्ये तो निन्टेंडो स्विचवर आला, आणि ते यंत्र तुझ्या यादीतल्या सर्वांत स्वस्त लॅपटॉपपेक्षाही दुबळं आहे. तुझा गेम खेळणारी माणसंही बहुतेक साध्या अँड्रॉइड फोनवरच असतील. गेटचा प्रत्येक दगड तिथे ४के पोत मागू शकणार नाही. एका मोठ्या पोतात दहा वस्तू बसवायच्या, बारीक कोरीव काम नॉर्मल मॅपवर बेक करायचं, लांबचं झाड एक हजार त्रिकोणांत आटपायचं, हे आठ जीबीत राहून तू लवकर शिकशील.

सॉफ्टवेअरसाठी एक रुपयाही ठेवू नकोस. ब्लेंडर आणि गोडो फुकट आहेत, अनरियल शिकायला फुकट आहे, ऑटोडेस्क विद्यार्थ्यांना कॉलेजच्या ओळखीवर मोफत देतं. क्रॅक केलेली कॉपी कुणी पेन ड्राइव्हवर दिली तर घेऊ नकोस.

लॅपटॉप घरी आला की पहिल्याच दिवशी ब्लेंडर बेंचमार्क चालव, तो ब्लेंडरच्याच साइटवर मोफत आहे. त्याच कार्डाचे जगभरातले आकडे तिथे दिसतात. तुझा आकडा फार खाली असेल, तर कार्ड अर्धपोटी आहे किंवा लॅपटॉप तापतोय. परत करायची मुदत संपायच्या आत हे कळलं पाहिजे. मग तासभर सायकल्सचा रेंडर लावून ठेव आणि पंख्याचा आवाज सहन होतो का तेही बघ, वसतिगृहात दुसऱ्या खाटेवर कुणी तरी झोपलेलं असणार.

आता यादी नव्याने कर. रकाने असे: व्हीरॅम, कार्डाचे वॅट, रॅमच्या खाचा, एसएसडीच्या खाचा, पडद्याचे एसआरजीबी टक्के, वजन. प्रोसेसर सगळ्यात शेवटी. आणि प्रत्येकाचा मॉडेल नंबर शेवटच्या अक्षरांसकट लिही, कारण एकाच नावाच्या लॅपटॉपमध्ये त्या दोन-चार अक्षरांवरून पडदा आणि रॅम बदलते. ती यादी मला मिळाल्याशिवाय बाबांना पैसे भरू देऊ नकोस.

तुझा,
मामा